उत्तेजनार्थ

आमच्या मिसळणाच्या डब्यातली एक वाटी बाकीच्या सहांशी जुळत नाही. जरा मोठी आहे, काठाला जाड आहे, आणि तिच्यामुळे डब्याचं झाकण कधीच नीट बसत नाही. तिच्यात मोहरी असते. पालथी केली तर बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं दिसतं : 'निबंध स्पर्धा १९८६. उत्तेजनार्थ.' माझं नाव त्या वाटीवर मावलं नव्हतं, म्हणून फक्त आडनाव आहे.

तिच्या मागून घरात एक पेला आला, दोन ताटल्या आल्या, एक चहाची गाळणीही आली. गाळणीवर नाव कुठे घालणार, म्हणून तिला चिठ्ठी चिकटवली होती. सगळ्यांवर तोच शब्द. पहिला, दुसरा, तिसरा नंबर संपले की उरलेल्या कुणालातरी वाईट वाटू नये म्हणून जे देतात ते मला मिळायचं. आई म्हणायची, "अजून चार वर्षं अशीच लिहीत राहा, रुखवताची सगळी भांडी निघतील."

माझं गाव वाई. कृष्णेच्या घाटांचं, ढोल्या गणपतीचं. सिनेमावाल्यांना खेडं हवं झालं की ते जिथे येतात ते. थंडी सरता सरता आमच्याकडे कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. एकेका आळीचा, एकेका घाटाचा असं करत सगळे पार पडेपर्यंत उन्हं तापायला लागतात. कीर्तन, व्याख्यान, प्रसादाची पंगत आणि कोपऱ्यात आम्हा पोरांच्या स्पर्धा : रांगोळी, पाठांतर, निबंध. गणपतीत पुन्हा त्याच, शाळेच्या गॅदरिंगला पुन्हा त्याच. वर्षाकाठी सहा-सात निबंध व्हायचे, आणि सगळे एकाच साच्यातून काढलेले. आमच्या बाईंची एक वही होती. तिच्यात सुरुवातीला घालायच्या ओव्या, मधे पेरायची सुभाषितं आणि शेवटी 'म्हणूनच म्हणावेसे वाटते' असं म्हणून जोडायच्या ओळी वेगवेगळ्या पानांवर उतरवलेल्या होत्या. विषय पाऊस असो की परोपकार, आम्ही वहीतून तीन पानांवरचं तीन ठिकाणी लावायचो. बाईंना नावं ठेवत नाही. त्यांचा एक मुलगा दर वर्षी तालुक्यात पहिला यायचा, म्हणजे साचा चालत होता.

'मी पाहिलेला अपघात' या विषयावर मी चार वेळा तरी लिहिलं असेल. तोवर एकही अपघात पाहिला नव्हता. सातवीत मात्र खरा पाहिला. घाटाकडे उतरणाऱ्या वळणावर एक दूधवाला सायकलवरून पडला. किटली आडवी झाली, दूध फरशीच्या फटींतून खाली पळायला लागलं, आणि तो माणूस गुडघ्यातून रक्त येत असताना उठला तो थेट किटलीचं झाकण शोधायला लागला. झाकण गटाराच्या कडेला लोळत गेलं होतं. ते सापडल्यावर त्याने धोतराला पुसलं, रिकाम्या किटलीवर नीट दाबून बसवलं आणि मग कुठे तो आपला गुडघा बघायला खाली बसला. पंधरा दिवसांनी तोच विषय पुन्हा आला. मी निबंधात ट्रक घातला. ट्रकखाली एक मूल घातलं आणि मुलामागे हंबरडा फोडणारी माता. झाकण घातलं नाही. ते लिहिण्यासारखं असतं हेच ठाऊक नव्हतं.

त्या निबंधाला ताटली मिळाली. उत्तेजनार्थ.

बारावीनंतर कॉलेजला पुण्याला गेले. पहिल्याच वर्षी पुरुषोत्तम करंडकाच्या नादी लागले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. भर पावसात भरत नाट्य मंदिराच्या बाहेर ओल्या पोरापोरींची गर्दी असते, आणि 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी एकदा ऐकली की ती कानातून जात नाही. आमची एकांकिका चौघांनी मिळून लिहिली. माझं अक्षर बरं, म्हणून नाव लेखिका म्हणून माझं लागलं. तालमी एका वर्गात बाकं भिंतीला सारून चालायच्या, वॉचमनने दिवे घालवून हाकलेपर्यंत.

त्यात एक म्हातारी आई होती. तिच्या तोंडी मी वाक्य दिलं होतं : 'आयुष्याच्या या सायंकाळी एकाकीपणाचे हे ओझे मला पेलवत नाही रे.' बाईंच्या वहीचा वारसा, दुसरं काय. आईचं काम करणारी मुलगी बारामतीकडची. ती त्या वाक्यापाशी रोज अडखळायची. मी रोज चिडायचे, पाठ कर म्हणायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अगं, पाठ आहे. पण हे माझी आई म्हणणारच नाही. माझी आई म्हणेल, दिवेलागणीला घरात नको वाटतं बघ."

वर्गात कुणी काही बोललं नाही. मला राग आला होता, हे कबूल करते. लेखिका मी होते. रात्री हॉस्टेलवर जाऊन मी दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली. माझं वाक्य म्हणताना मधे श्वास घ्यावा लागत होता आणि घेतला की हसू येत होतं. तिचं वाक्य एका दमात जात होतं. शिवाय त्यात घर होतं, दिवे होते, वेळ होती. ओझं शब्दाने सांगायची गरजच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते वाक्य बदललं. बाकीची मात्र तशीच ठेवली, कारण तेवढा मोठेपणा अंगात नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत, हातात संहिता धरून प्रॉम्प्टिंगला. 'दिवेलागणीला' आलं तेव्हा थिएटर गप्प होतं. पुढच्याच पानावर माझं एक अस्सल वाक्य होतं, 'नियतीच्या क्रूर हातांनी' वगैरे. ते आलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. मग दुसरं खोकलं. मग एक बारीक हसू पुढच्या रांगांपर्यंत सरकत आलं. परीक्षक अभिप्राय देतात, गुण देतात, त्याची फार तर चर्चा करता येते. त्या खोकल्याशी वाद घालायची सोय नव्हती. अंतिम फेरीत आम्ही गेलो नाही. रात्री नेपथ्य टेम्पोत भरताना पाऊस लागला आणि पुठ्ठ्याची खिडकी भिजून माझ्या हातातच दुमडली.

याच स्पर्धेत २०२२ साली करंडक कुणालाच दिला गेला नाही. त्या तोडीची एकांकिका झाली नाही, असं परीक्षकांचं म्हणणं पडलं. बरीच आरडाओरड झाली. माझं मत विचाराल तर, एकोणीस वर्षांची असते तर मी रडून गोंधळ घातला असता. आज वाटतं की करंडक कपाटात राहू शकतो हे कळणं वाईट नाही. फक्त पोरांना का ते नीट बसवून सांगायला हवं. नुसतं 'दर्जा नव्हता' एवढ्याने एकोणीस वर्षांच्या मुलाला काय समजणार?

शिक्षण संपलं, वाईला परत आले, एका पतसंस्थेत चिकटले. लग्न झालं, तेही गावातच. लिहिणं सुटल्यातच जमा होतं. ते पुन्हा धरलं गावातल्या वाचनालयाच्या कट्ट्यामुळे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे पेपर आवरायचे, भोवती लोखंडी खुर्च्या मांडायच्या आणि ज्याने काही लिहिलंय त्याने ते वाचायचं. चहा आणि पार्ले-जी. दहा-बारा माणसं, पावसाळ्यात पाच. अध्यक्ष नाही, पाहुणे नाहीत, नारळ नाही, त्यामुळे वेळेवर सुरू व्हायचा.

कट्ट्यावर एक काका यायचे. मराठी विश्वकोशाच्या संपादन विभागातून निवृत्त झालेले. बाहेरगावच्या वाचकांना कदाचित लक्षात नसेल, पण विश्वकोशाचं काम वाईतून चालायचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, १९७६ साली पहिला खंड निघाला आणि पुढे वाढत वाढत वीस खंड झाले. त्यामुळे आमच्या गावात भाजी घेताना शेजारी उभा असलेला माणूस कपिलाषष्ठीवर नाहीतर कपॅसिटरवर नोंद तपासून आलेला असण्याची शक्यता असे. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी कापल्या होत्या. खिशात पेन्सिल, तीही बोटभर उरलेली. 'अत्यंत' दिसला की भोवती गोल. 'खरोखर' दिसला की गोल. म्हणायचे, "नोंदीत जागा मोजून असते. 'अत्यंत' काढून बघा, काही पडतं का." आम्ही काढून बघायचो. काही पडायचं नाही.

त्यांनी कट्ट्याला एक नियम लावून दिला होता. वाचून झालं की वाचणाऱ्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचा आणि म्हणायचं, "लेखकानं आता पाणी प्यावं." म्हणजे सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. मला तसं म्हणायचं नव्हतं, ते पुढे स्पष्ट होतं, हे खऱ्या घटनेवर आधारित आहे, असलं काहीही चालणार नाही. पाणी प्यायचं. पेला संपला तर तांब्या होता.

पहिल्यांदा मी कथा वाचली ती शेतकऱ्याची. शेतकरी असा कथेत असावाच लागतो अशी तेव्हा माझी समजूत होती. बाबूराव नावाचा माणूस, भर श्रावणात, कर्जाच्या विवंचनेत, रानात हळद काढतोय. कुदळीच्या घावासरशी पिवळी हळकुंडं वर येतायत, पावसाच्या सरी, डोळ्यांत पाणी. मी मन लावून वाचलं. पाणी पुढे आलं. पहिल्यांदा बोलले ते बावधनचे आबा. सत्तरीचे, पांढरी टोपी. कट्ट्याला यायचं कारण एवढंच की सुनेच्या माहेरी गावात येणं व्हायचं आणि संध्याकाळची गाडी सातशिवाय नव्हती.

"ताई," आबा म्हणाले, "गोष्ट चांगली हाय. पर श्रावणात हळद म्हंजे नुसता पाला. खाली काय सापडायचं न्हाई तुमच्या बाबूरावाला."

मी तोंड उघडलं. काकांनी पेल्याकडे बोट दाखवलं. मी पाणी प्यायले.

मग आबा सांगत गेले. हळदीची लागण उन्हाळ्याच्या शेवटाला. नऊ महिने ती जमिनीत. पाला पिवळा पडून वाळला, आडवा झाला, की कापायचा आणि मग काढणी, माघ-फाल्गुनात. काढली की गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मग काहिलीत पाणी घालून शिजवायची, वर पाला आणि गोणपाट दडपून. फेस आला, वास उठला म्हणजे होत आली. झाली का नाही ते बघायला काडी टोचायची. आरपार गेली की उतरवायची. कच्ची राहिली तर वाळताना सुरकुतते, जास्त शिजली तर रंग जातो. "आणि ताई, पिवळी म्हणता तुम्ही," आबा म्हणाले, "जमिनीतनं निघती तवा मातकट असती. मोडल्याबिगर पिवळं दिसत न्हाई."

मला त्या रात्री झोप आली नाही. अपमान झाला म्हणून थोडी, पण त्याहून जास्त त्या शेवटच्या वाक्यामुळे. जन्मापासून हळदीच्या गावात राहत होते. लहानपणी शिजवलेल्या हळदीचा वास नाकात बसून डोकं दुखायचं. आणि कथेतली हळद मात्र किराणा दुकानातल्या पुडीतली होती. बाबूराव तर कुठल्याच रानातला नव्हता. तो बाईंच्या वहीतून आला होता, ट्रकखालच्या मुलाचा सख्खा भाऊ. पुढच्या शनिवारी मी आबांच्या गावी गेले. काढणीचे दिवस नव्हते, तर बांधावर बसून नुसतं बोलत बसलो. ती कथा पुढे कधीच पुरी झाली नाही. बाबूराव गेला आणि त्याच्याबरोबर कथाही गेली. पण काडी टोचायची सवय मला लागली.

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धा साधारण याच सुमारास सुरू केल्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे फराळाच्या ताटाशेजारी कथा असते, आणि ती कथा ऐन पावसाळ्यात कुणीतरी ओल्या कपड्यांच्या दोरीखाली बसून लिहिलेली असते. स्पर्धेची नियमावली मला अजून पाठ आहे. कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. कथा स्वतंत्र व अप्रकाशित असावी. स्वतःकडे प्रत ठेवावी. परत हवी असल्यास पुरेसं टपाल हशील लावलेलं पाकीट सोबत जोडावं. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. ते पाकीट जोडताना फार विचित्र वाटायचं. आपल्याच हस्ताक्षरात आपलाच पत्ता लिहायचा आणि ते पाकीट घरी येऊ नये म्हणून देव पाण्यात घालायचे.

पाकिटं यायची. आत कथा आणि छापील चिठ्ठी : साभार परत. सासूबाई सुरुवातीला हळहळायच्या, पुढे पोस्टमनच्या हातात माझं अक्षर दिसलं की न विचारता ते पाकीट फ्रिजवर ठेवायला लागल्या, वीजबिलाखाली.

या स्पर्धांनी मला काय दिलं, तर तारीख आणि शब्दमर्यादा. तारीख नसती तर मी आजही पहिलाच परिच्छेद घोळवत बसले असते. शब्दमर्यादेची गंमत निराळी. एकदा मर्यादा होती २००० शब्दांची आणि माझी कथा झाली ३४००ची. काकांकडे घेऊन गेले. वाटलं, पेन्सिलीने हजारभर शब्द सुटे सुटे उडवून देतील. त्यांनी कथा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "शेवटची दोन पानं कशासाठी आहेत?"

"शेवट आहे तो," मी म्हणाले.

"शेवट तर आधीच्या पानावर झालाय. ती बाई कुलूप लावून किल्ली शेजारी देते तिथं. मग ही दोन पानं कुणासाठी?"

मी गप्प बसले. ती दोन पानं परीक्षकांसाठी होती. त्यांना कळलं नाही तर, म्हणून. दोन पानं गेली, मधली एक आत्या गेली, तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गेलं. कथा १९०० शब्दांवर आली. तिला तिसरं बक्षीस मिळालं आणि ती छापून आली. माझं पहिलं आणि आजवरचं एकमेव अंकगणिती बक्षीस. आईने विचारलं, "भांडं काय दिलं?" मनीऑर्डर आली होती, त्यातून आम्ही कुकरची रिंग आणि शिट्टी घेतली. म्हणजे भांड्याशी संबंध राहिलाच.

फी घेऊन भरणाऱ्या स्पर्धांतही मी एकदा सापडले, तेही सांगून टाकते. तीनशे रुपये प्रवेशमूल्य. भाग घेतलेल्या यच्चयावत सर्वांची कथा 'निवडली गेली', 'प्रातिनिधिक संग्रह' निघाला आणि प्रत्येक लेखकाने त्याच्या दहा प्रती विकत घ्यायच्या होत्या. त्यातल्या सात अजून माळ्यावर आहेत. नाव सांगत नाही. अशा दुकानांना नाव एकच नसतं. तिथे मला 'साहित्यरत्न' असं काहीतरी प्रमाणपत्र मिळालं, आणि तेवढ्यापुरता तरी उत्तेजनार्थपासून सुटका झाली.

नंतर मी अशी काही वर्षांची झाले की लोक परीक्षक म्हणून बोलवायला लागले. तालुक्याच्या कथास्पर्धेला त्रेचाळीस कथा आल्या होत्या. मी त्या पंधरा दिवस रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून वाचल्या, कारण बसलं की झोप यायची. पहिल्या दहांतच मला माझी नववी-दहावी भेटली. ट्रक होते. माता होत्या. श्रावणातली हळद नव्हती, पण वैशाखातला भाताचा लोंबलेला तुरा होता. निम्म्याहून जास्त कथांत शेवटी कुणीतरी मरत होतं, आणि ते मरणारं माणूस पहिल्या पानापासून खोकत होतं. मला हसू यायचं, मग कानकोंडं व्हायला व्हायचं. माझे निबंध कुणीतरी असेच कुठल्यातरी ओट्यापाशी वाचले असणार. आणि त्याने, कुणास ठाऊक का, वाटी दिली होती.

अडतिसावी की एकोणचाळिसावी कथा एका एसटी कंडक्टरची होती. पश्चिम भागातल्या मुक्कामी गाडीवरची. अक्षर वाकडं, शुद्धलेखनाची दाणादाण. नवराबायको, दोघं म्हातारे, बाजारच्या दिवशी गाडीला यायचे. दोघंही ज्येष्ठ नागरिक, म्हणून 'दोन हाफ'. मग एका आठवड्याला म्हातारी एकटीच. त्यापुढचं मी उतरवूनच ठेवलंय :

'दोन हाफ, म्हातारी म्हणाली. शेजारची सीट मोकळी होती. मी दोन फाडली. तिनं येक पिशवीत ठेवलं, येक मुठीत. उतारताना मुठीतलं मला परत दिलं. त्यांचं राहू द्या म्हणाली. मी घंटी द्यायची विसरलो. डायव्हरनंबी मागं बघितलं नाही.'

हातातलं भांडं खाली ठेवलं. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आयुष्यभर ऐकत आले. न दिलेली घंटी मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. झाकण, मनात आलं. किटलीचं झाकण.

त्यापुढे दोन पानं होती. 'अहो वाचकहो, हेच ते खरे प्रेम! आजच्या पिढीला याची काय किंमत?' इथपासून सुरुवात करून थेट पाश्चात्त्य संस्कृतीपर्यंत.

बैठकीत मी त्या कथेला पहिला नंबर द्यावा म्हणाले. दुसरे परीक्षक वयाने, मानाने मोठे. ते म्हणाले, भाषा प्रमाण नाही, शेवट प्रचारकी आहे, आणि मराठीच्या परीक्षेला बसवलं तर हा माणूस नापास होईल. तिन्ही मुद्दे तसे खोटे नव्हते. मी पाच मिनिटं भांडले आणि मग सोडून दिलं. चहा आला होता, त्यांना पुण्याची गाडी गाठायची होती. तडजोड म्हणून त्या कथेसमोर मीच माझ्या हाताने शब्द लिहिला. उत्तेजनार्थ.

मराठीत साहित्याची मैफल कुणाची हा तंटा आजचा नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. पुढचं भरलं १८८५ साली, आणि त्याचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून साफ परतवलं. आमचे हक्क जे मनापासून मानत नाहीत त्यांच्या सभेत आम्ही कशाला मिसळायचं, असा त्यांचा सवाल होता. मी हे व्याख्यानात चार वेळा सांगून टाळ्या घेतल्या होत्या. बैठकीत पाच मिनिटांत गप्प बसले तेव्हा ते आठवलं नाही. घरी येताना आठवलं.

बक्षीस समारंभाला कंडक्टर आले होते, ड्यूटीवरून थेट, खाकीतच. आता भांडी देत नाहीत; फायबरचं स्मृतिचिन्ह देतात, त्यात मोहरीसुद्धा ठेवता येत नाही. कार्यक्रम संपल्यावर ते खुर्च्या उचलणाऱ्या पोरांच्या मधून वाट काढत माझ्याकडे आले.

"मॅडम, कुठं कमी पडलं?"

हा प्रश्न मी उभ्या आयुष्यात एकाही परीक्षकाला विचारलेला नाही. धीर झाला नव्हता. माझ्या पिशवीत त्यांची कथा होती. आम्ही स्टेजच्या पायरीवर बसलो. मी त्यांना घंटीची ओळ दाखवली आणि म्हणाले, कमी काही पडलं नाही, निर्णय माझ्या मनासारखा झाला नाही आणि त्यासाठी मी पुरेशी भांडले नाही. हे ऐकून ते बिचारे माझीच समजूत घालायला लागले. मग मी पान उलटलं.

"ही शेवटची दोन पानं कशासाठी आहेत?"

ते जरा ओशाळले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "खरं सांगू का मॅडम? माझी गोष्ट हितंच संपली होती. पण म्हणलं, स्पर्धा हाय. कायतरी संदेश लागंल. मुलीच्या निबंधाच्या पुस्तकातनं बघून घातली ती."

मी हसले ते जरा जास्तच हसले असेन, कारण खुर्च्या उचलणारी पोरं थांबून बघायला लागली. मग मी त्यांना ट्रकची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या शनिवारी ते कट्ट्यावर आले. काका जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांच्या खुर्चीवर आता कुणीही बसतं, तसंच असावं असं तेच म्हणून गेले होते. आबा होते. कानाने अधू झालेले, म्हणून वाचणाऱ्याच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मुक्कामी गाडी पावणेसातला सुटणार होती, तेव्हा कंडक्टरांना पहिलं वाचायला दिलं. उभे राहून वाचलं त्यांनी, तिकिटाची पेटी पायाशी ठेवून. 'डायव्हरनंबी मागं बघितलं नाही' आलं आणि कागद संपला. एवढ्यातच संपला म्हणून दोघं-तिघं पुढचं पान येईल असं बघत राहिले. कुणी खोकलं नाही. बाहेर रसवंतीच्या घुंगराचा आवाज तेवढा येत होता.

मग आबा पुढे वाकले.

"म्हातारी बाजार करून परत जाताना किती तिकिटं मागायची?"

कंडक्टरांनी तोंड उघडलं. मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.